धोट्याचा मुका

ब्रॅकनडेन,
सोमवार, ३ जून १९१२

प्रिय टॅबी मावशी,

तुझं पत्र आलं, सुकवलेले मासेही आले. मासे आम्ही दोघी बहिणींनी, पेगीने आणि मी, दोन दिवसांत संपवले. पैसे देऊन तुझ्या घरी उतरणारे पाहुणे रोज असं खातात म्हणजे चैनच आहे की!

आता बातमी ऐक. आमच्या गिरणीत राजघराणं येतंय. राजेसाहेबांची चुलत बहीण, राजकन्या, २१ तारखेला. राजकन्या म्हटल्यावर पेगीच्या डोळ्यांसमोर सोनेरी केसांची पोरगी आली होती, पण ती पन्नाशीची बाई आहे म्हणे. तिची कसलीशी समिती आहे, गिरणीतल्या बायकांच्या तब्येती पाहणारी. नवी कांडी घातली की आपण धोट्याच्या भोकाला ओठ लावून सूत ओढतो ना, ते बंद करावं का, असं सरकार विचारतंय, आणि या बाई स्वतः बघायला येणार.

तेव्हापासून थ्रेलफॉलच्या अंगात आलंय. हा थ्रेलफॉल म्हणजे आमचा नवा मॅनेजर, मँचेस्टरहून आलेला, तू त्याला पाहिलेलं नाहीस. सगळ्या विणकाम खात्याला चुना लावून झाला. परसातल्या कोळशाच्या ढिगाला सुद्धा वरून चुना मारलाय. आम्हाला पांढरे एप्रन शिवायला दिलेत. शुक्रवारी त्याने आम्हा चारशे जणींना ओळीत उभं केलं आणि घोड्याच्या बाजारात करतात तसे एकेकीचे दात पाहिले! काळे दात असलेल्या मागच्या मागांवर, पडलेले दात असलेल्यांना त्या दिवशी सुटी. माझ्यापाशी आला आणि थबकला. "किती वर्षं धोटा चोखतेस?" म्हणाला. "दहा," मी म्हणाले. "आणि हे दात! बघा, बघा सगळ्यांनी!" मला अगदी दारासमोरच्या चार मागांवर आणून ठेवलंय. राजकन्येला तो मलाच दाखवणार.

मावशे, माझ्या एकविसाव्या वाढदिवसाला तू दिलेली कवळी ती! बेला आणि बाकीच्या पोरी एप्रन तोंडात कोंबून हसत होत्या. त्याला कुणी सांगितलं नाही. कशाला सांगायचं?

तुझी,
लेटी

ता. क. पेगीचा खोकला तसाच आहे. तिचे माग अजून वाफेच्या नळाखालीच आहेत.


ब्लॅकपूल,
गुरुवार, ६ जून

लेटे,

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग चहा गार होईपर्यंत तशीच बसले.

तुला गंमत वाटतेय. वाटू दे, तुझं वय आहे. पण मी सव्वीस वर्षं त्याच खात्यात काढली आणि दोन्ही कान तिथेच ठेवून आले. इथे पाहुणे बोलतात ते मला ओठांवरून वाचावं लागतं, आणि लंडनची माणसं तोंड इतकं कमी उघडतात की त्यांनी मागितलेलं अंडं मी मासा समजून आणते. ते असो. सांगायचं ते हे की तुझी आई नेली हिला साराबाईचे माग मिळाले तेव्हा मी तिथे होते. साराबाई क्षयाने गेली होती. माग धुतले, जमीन धुतली, धोटे कुणी धुतले? तोच धोटा नेलीने सोमवारी सकाळी ओठांना लावला. दिवसाला तीनशे वेळा. दोन वर्षांत तीही गेली. धोट्याचा मुका म्हणे! कुठल्या रांडेच्याने हे लाडकं नाव ठेवलं देव जाणे.

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात, हे खरं. पण तो हत्ती तू होऊ नकोस. ती बाई विचारायला येतेय ना? मग सांग तिला. बोलवत नसेल तर तोंड मिटून राहा, दातखीळ बसल्याचं सोंग घे. पण खोटं बोलू नकोस. माझ्या पैशाने घेतलेल्या दातांनी तर मुळीच नाही.

टॅबिथा हॅलिवेल

पेगीला जवसाचा काढा दे. आणि थ्रेलफॉलला वाफ बंद करायला सांग, राजकन्येला गरम होईल म्हणावं.


ब्रॅकनडेन,
रविवार, २३ जून

प्रिय मावशी,

झाली एकदाची भेट. सगळं अगदी छान पार पडलं.

बाई चांगली उंच आहे, करड्या रंगाचे कपडे, टोपीवर अख्खा एक पक्षी. माग सुरू झाल्यावर तिने दोन्ही हात कानांवर ठेवले, आणि मग कुणीतरी बघेल म्हणून काढले. बिचारी! थ्रेलफॉल तिच्या कानात ओरडत होता, मेयर थ्रेलफॉलच्या कानात ओरडत होता. वाफेचे नळ त्या दिवसापुरते बंद ठेवले होते, म्हणून कोरड्या हवेत सूत पटापट तुटत होतं आणि माग सांभाळणारा जॉबर घामाघूम. बाई माझ्यापाशी दोन मिनिटं थांबली. मी कांडी बदलून दाखवली. तिने विचारलं, मी उत्तर दिलं. मऊ हातमोजा घालून तिने माझा हात हातात घेतला.

मग सगळ्यांना अंगणात नेलं. तिथे बँड वाजत होता आणि हलत्या चित्रांवाला एक माणूस तिपाईवर पेटी ठेवून तिची मूठ फिरवत होता. मला पुढे उभं केलं, फुलं द्यायला. बाकीच्या पोरी त्या पेटीवाल्याच्या मागे दोरीपलीकडे. भाषणं चालली होती, कंटाळा आला, तेव्हा मागांच्या गोंगाटात बोलतो तसं आमचं आवाजाविना, नुसत्या ओठांनी चाललं होतं बोलणं. काय बडबडलो कोण जाणे.

पेगीला आता दाराजवळचे माग मिळालेत. तिथे हवा आहे. रात्री तिला झोप लागते.

भेटू सुटीत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमची गिरणी बंद, आम्ही दोघी शनिवारच्या गाडीने येऊ.

तुझी,
लेटी


ब्लॅकपूल,
बुधवार, २६ जून

लेटिस ऑर्मरॉड,

एका पाहुण्याने टेबलावर वर्तमानपत्र ठेवलं होतं. त्यातला तुकडा कापून सोबत पाठवतेय. तुझ्याकडे असेलच, पण माझ्याकडून पुन्हा एकदा वाच. "दहा वर्षे धोटा चोखणाऱ्या एका तरुणीचे मोत्यांसारखे दात पाहून राजकन्या चकित झाल्या. हे दात तुझे स्वतःचेच का, असे विचारता ती हसून हो म्हणाली. सबब या प्रथेविषयीची ओरड अतिरंजित दिसते, असे समितीच्या एका सभासदाने आमच्या प्रतिनिधीस सांगितले."

"तिने विचारलं, मी उत्तर दिलं." वा! केवढं सुबक वाक्य लिहिलंस. मला वाटलं, नेलीची पोर आहे, बोलली असेल.

आता गावोगावच्या गिरण्यांत हे पान भिंतीला चिकटवतील. कुणी पोरगी कुरकुरली की तुझ्या दातांकडे बोट दाखवतील. पुढच्या वर्षी नवीन पोरी येतील बारा-तेरा वर्षांच्या, त्यांच्या हातात धोटा देताना सांगतील, काही होत नाही गं, ती ब्रॅकनडेनची लेटी बघ.

सुटीत इथे येऊ नका. खोली भरलेली आहे.

टॅ. हॅ.


ब्रॅकनडेन,
रविवार, ३० जून

मावशी,

खोली भरलेली नाही. ऑगस्टची ती मागची खोली तू वर्षानुवर्षं आमच्यासाठी रिकामी ठेवतेस, हे मला माहीत आहे आणि तुलाही.

आता मीही सांगते. हो, मी खोटं बोलले. बोललेही नाही, नुसती मान हलवली. राजकन्या यायच्या आदल्या दिवशी थ्रेलफॉलने मला कचेरीत बोलावलं. तोवर कुणीतरी चहाडी केली होती, कवळीचं त्याला कळलं होतं. मला वाटलं ओरडेल. ओरडला नाही. खुर्ची दिली. म्हणाला, "तुझी बहीण वाफेखाली आहे ना? खोकते असं ऐकतो. दाराजवळचे चार माग रिकामे होतायत." एवढंच. मग खिडकीबाहेर बघत बसला.

मी काय करायचं होतं? पेगीच्या रुमालावर त्याच आठवड्यात लाल ठिपका होता. तुला लिहिलं नाही मी. तू समुद्राच्या वाऱ्यात बसून सांगतेस, खोटं बोलू नकोस! तू पण तर सव्वीस वर्षं चोखत राहिलीस ना तोच धोटा? आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तू कामावर गेली होतीस. मला आठवतंय, मी सात वर्षांची होते. तेव्हा का नाही कुणाला काही सांगितलंस?

मला लाज वाटते, मावशी. रोज सकाळी कवळी बसवताना वाटते. खात्यात माझ्याशी कुणी वाकडं बोलत नाही, त्याने तर जास्तच वाटते. बेला म्हणते, अंगणात तू सगळं कबूल केलंस की आमच्याजवळ, झालं. पण अंगणात ओठांनी बोललेलं कुणी ऐकलं?

यायचं नसेल तर नाही येत. पण मला नेलीची पोर नाही असं म्हणू नकोस.

लेटी


ब्लॅकपूल,
शुक्रवार, १२ जुलै

लेटी, माझ्या पोरी,

आधी ते तुझं विचारणं. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले कारण भीती वाटली. घरी तू होतीस, पेगी पाळण्यात होती, आणि माझे माग दुसरीला गेले असते. तेव्हा आपल्यासारख्यांना कुणी विचारत नव्हतं, हे खरं, पण विचारलं असतं तरी मी तोंड उघडलं नसतं. मूग गिळून बसले असते. तुला रागावले त्यात निम्मा राग माझा माझ्यावरच होता. हे एकदा लिहून टाकलं, आता पुन्हा विचारू नकोस.

आता काल दुपारी काय झालं ते वाच, आणि बसून वाच.

माझ्याकडे सध्या नेल्सन गावाकडच्या विणकर बाया उतरल्यात, त्यांच्या गिरण्यांची सुटी लागलीय. काल पाऊस, म्हणून सगळ्या मिळून धक्क्यावरच्या नाटकघरात हलती चित्रं बघायला गेलो. मला ती आवडतात. कान नसले तरी तिथे मी सगळ्यांच्या बरोबरीची. आधी एक घोडदौड झाली, मग एक जहाज पाण्यात सोडलं. मग पाटी आली: राजकन्येची ब्रॅकनडेन गिरणीस भेट.

आणि तू दिसलीस. भिंतीएवढी. पांढरा एप्रन, हातात फुलं. मागे मेयर भाषण करतोय, राजकन्या उभी. आणि तू सरळ माझ्याकडे तोंड करून बोलायला लागलीस!

त्या मुठीवाल्याच्या मागे तुझ्या पोरी उभ्या होत्या ना? म्हणजे तू बोलत होतीस पेटीकडेच बघून. त्या शहाण्याला वाटलं असेल पोरगी गोड हसतेय. एकेक शब्द, लेटे, एकेक शब्द वाचता येत होता. तुझ्या आईसारखंच तोंड मोठं उघडून बोलतेस तू. मी आठवणीने लिहून ठेवलंय:

"चुन्याला टेकू नका गं, ओला आहे. बाईसाहेबांची पाठ बघा."

मग तू हसलीस, मग थांबलीस, आणि चेहरा बदलला.

"मी हो म्हणाले. त्या बाईला मी हो म्हणाले. माझे दात धोट्याने खाल्ले, माझी आई धोट्याने खाल्ली, आणि मी हो म्हणाले. बोलवा तिला परत. ही कवळी काढून तिच्या हातात देते. बेले, हसू नकोस, मी खरंच देईन."

आणि मग फुलं देऊन गुडघा वाकवून नमस्कार केलास, शहाण्या मुलीसारखा.

पहिली ओळ आली तेव्हा नाटकघर हसलं. नऊशे माणसं, त्यातली सातशे तरी मागावरची. दुसरी आली तेव्हा कुणी हललं नाही. माझ्या शेजारच्या बाईने माझा हात धरला, ओळख ना पाळख. चित्र संपलं आणि सगळे उठून उभे राहिले, लाकडी तळाचे बूट जमिनीवर आपटायला लागले. मला ऐकू येत नाही, पण पायांखालची फळी थरथरत होती. मालक धावत आला. त्याला कळेना, राजकन्येचं इतकं प्रेम कधीपासून! त्याने खूश होऊन ते चित्र पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. आज सकाळपासून दारावर पाटी लावलीय, लोकाग्रहास्तव आठवडाभर.

कोट घातलेल्या लोकांना अजून पत्ता नाही. पण कळेल. आणि हे चित्र गावोगाव फिरतं, तुमच्याकडेही येईल. घाबरली असशील तर आताच निघून ये, दोघी या. मागची खोली रिकामी आहे.

तुझी मावशी,
टॅबी


ब्रॅकनडेन,
गुरुवार, २५ जुलै

मावशी,

घाबरले. तुझं पत्र वाचलं तशी बॅग काढली. बॅगेत कपडेसुद्धा भरले. मग शनिवारी दुपारी चित्र आलंच गावात, आणि मी बघायला गेले. म्हटलं, काय बोललो ते आपण तरी बघावं.

थ्रेलफॉल पहिल्या रांगेत, बायकोसह. लोक उठून बूट आपटायला लागले तेव्हा त्याला वाटलं गिरणीचा जयजयकार चाललाय. तो उठला, वळला आणि दोनदा वाकून नमस्कार केला! लोकांनी आणखी आपटले. मला हसू आवरेना आणि रडूही.

रविवारी त्याला कुणीतरी सांगितलं. सोमवारी माग सुरू होऊन पाच मिनिटं झाली नसतील, तो खात्यात आला, सरळ माझ्या मागांपाशी. हातात कागद. कचेरीत नाही बोलावलं, सगळ्यांसमोर करायचं होतं त्याला. कागदावर लिहिलेलं, की मी अंगणात फक्त "देव राजेसाहेबांचं भलं करो" असं म्हणाले, दुसरा अर्थ काढणारे खोटारडे आहेत. खाली सही करायची.

माझ्या कानाशी येऊन ओरडला, "काय बोललीस तिथे? सांग!"

मी सांगितलं. ओठांनी. सावकाश, तोंड मोठं उघडून, एक शब्द न गाळता.

"ऐकू येत नाही! मोठ्याने!"

मी पुन्हा सांगितलं. आवाज काढलाच नाही. तो लालबुंद. मग त्याचं लक्ष माझ्या मागे गेलं आणि तो वळला. मावशी, सगळं खातं बोलत होतं. बेला, मागच्या रांगेतल्या दात पडलेल्या बाया, वाफेखालच्या पोरी, चारशे जणी त्याच्याकडे तोंड करून तेच शब्द म्हणत होत्या. त्याला एक अक्षर कळत नव्हतं, आणि काय म्हणतायत ते मात्र पुरतं कळत होतं. तो एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. शेवटी त्यानेच हात वर करून जॉबरला खूण केली, बंद करा म्हणून. पट्टे सुटले. एकेक माग थांबत गेला.

इतकी शांतता त्या खात्यात मी कधी ऐकली नव्हती. तेव्हा मी मोठ्याने म्हणाले. फार मोठ्याने नाही, गरजच नव्हती. "हे दात माझे नाहीत. माझे तुमच्या धोट्यांनी खाल्ले. राजकन्येशी मी खोटं बोलले, पेगीच्या मागांसाठी. ते माग परत घ्या."

तो म्हणाला, "घेतले."

पेगी दाराजवळच्या मागांवरून बाजूला झाली, आपली कात्री घेतली, आणि पुन्हा वाफेच्या नळाखाली जाऊन उभी राहिली. सतरा वर्षांची पोर. कुणी तिला सांगितलं नव्हतं.

माग पुन्हा सुरू झाले. माझी कांडी संपली. नवी घातली, धोटा हातात घेतला, आणि सवयीने ओठांपर्यंत नेला. तिथेच थांबले. मग केसातली पिन काढली, टोक वाकवलं आणि त्याने सूत ओढलं. वेळ लागला. तोवर माग उभा. मान वर केली तर बेला डोक्यातली पिन शोधत होती. दुपारच्या भोंग्यापर्यंत अख्ख्या खात्याचे केस मोकळे सुटले होते.

चार दिवस झाले, एकीनेही धोट्याला तोंड लावलेलं नाही. कापड निम्म्यावर आलंय. आज फाटकावर नोटीस लागली: सोमवारपासून जी तोंडाने सूत ओढणार नाही तिने येऊ नये. खाली मालकांची सही. काल युनियनचा माणूस आला होता, म्हणतो शेजारच्या तीन गावांतल्या बायाही तेच करतायत, पिना विकत मिळेनात. राजकन्येच्या समितीकडूनही पत्र आलंय, मला लंडनला बोलावलंय साक्षीला. जाईन. पण सोमवारनंतर.

पेगीला सुटीची वाट न बघता परवाच्या गाडीने तुझ्याकडे पाठवतेय. ती नाही म्हणते, भांडते, तरी पाठवतेय. तिला खिडकीजवळ झोपव, आणि डॉक्टरला दाखव. आधीच करायला हवं होतं मी हे.

मी येत नाही. मागची खोली दुसऱ्या कुणाला दे. सोमवारी सहाला भोंगा वाजेल तेव्हा आम्ही चारशे जणी फाटकाशी असू, केस मोकळे सोडून.

तुझी, नेलीची पोर,
लेटी